सरकणाऱ्या मेनूचा वेग: सीएसएसमधलं ईझिंग आणि मोशन ब्लर

मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडा. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर बोट टेकवलं की डावीकडून मेनू सरकत आत येतो. त्याची रुंदी ३२० पिक्सेल आणि आत यायला लागणारा वेळ ३०० मिलिसेकंद धरू. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, हे सांगायला एक ओळ पुरते: काय बदलायचं, किती वेळात, आणि कोणत्या चालीने. पहिल्या दोन गोष्टी सगळे लिहितात. तिसरी बरेचदा राहून जाते, आणि मग ब्राउझर आपल्या मनाने 'ईझ' नावाची चाल लावून मोकळा होतो.

ही चाल म्हणजेच ईझिंग. ते एकदा नीट कळलं की मोशन ब्लर, म्हणजे वेगात जाणाऱ्या वस्तूची चित्रात पुसट होणारी कडा, ही गोष्टसुद्धा त्याच आकृतीतून उलगडते. मोशन ब्लर सीएसएसमध्ये आजही नाही. तो आणायचा झाला तर कुठे कुठे अडेल, हे बघताना ब्राउझरच्या पोटात काय चालतं तेही बरंच दिसतं.

चालीचा आलेख

प्लॅटफॉर्मवरून सुटणारी लोकल पहिल्याच क्षणी पूर्ण वेग घेत नाही, आणि पुढच्या स्टेशनात शिरताना आधीपासूनच मंदावत येते. वजन असलेली कुठलीही वस्तू अशीच हलते आणि आपली नजर जन्मापासून तेच बघत आलेली असते. त्यामुळे अगदी एकसारख्या वेगाने, म्हणजे 'लिनिअर' चालीने, आत येणारा मेनू डोळ्याला खटकतो. निघताना हिसका, थांबताना हिसका. हाताने चित्रं काढून ॲनिमेशन करणाऱ्या डिस्नेच्या चित्रकारांना हे पक्कं ठाऊक होतं. हालचालीच्या दोन्ही टोकांपाशी ते जास्त चित्रं काढत आणि मधे कमी, म्हणजे टोकांपाशी वस्तू रेंगाळते आणि मधला पल्ला झपकन पार करते. पुढे फ्लॅश या वेब-ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या जमान्यात रॉबर्ट पेनर यांनी याच गोष्टीची सूत्रं बांधली. 'क्वाड', 'क्युबिक', 'इलॅस्टिक', 'बाउन्स' ही नावं वेबवाल्यांच्या तोंडी बसली ती त्यामुळेच.

सीएसएसने सूत्रांऐवजी वक्ररेषा पत्करली. एक चौकोन काढा. आडव्या बाजूवर वेळ, ० ते १. उभ्या बाजूवर प्रगती, तीही ० ते १. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वरच्या उजव्या कोपऱ्यात पोचणारी रेषा म्हणजे चाल. ही रेषा सरळ असेल तर लिनिअर. तिला बाक द्यायचा तर दोन अदृश्य हँडल असतात, ती ओढायची. फोटोशॉपमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये पेन टूल वापरलेल्यांना ही हँडल ओळखीची वाटतील. गणितही तेच, बेझिए वक्राचं. ते मुळात मोटारींच्या पत्र्याला बाक देण्यासाठी उभं राहिलं: सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए या दोघांनी १९६० च्या आगेमागे एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते मांडलं. नाव मात्र एकाचंच लागलं.

'ईझ' ही चाल आकड्यांत लिहिली तर क्युबिक-बेझिए(०.२५, ०.१, ०.२५, १). पहिले दोन आकडे पहिल्या हँडलची जागा सांगतात, पुढचे दोन दुसऱ्याची. ब्राउझरचं काम इथे वाटतं तितकं सरळ नसतं. त्याच्या हातात असते वेळ. पण या वक्राचं सूत्र वेळेवर चालत नाही, ते एका तिसऱ्याच आकड्यावर चालतं. त्याला 'टी' म्हणू. 'टी' दिला की वेळही मिळते आणि प्रगतीही. वेळ देऊन प्रगती हवी असेल तर आधी त्या वेळेचा 'टी' हुडकावा लागतो. वेबकिट या सफारी ब्राउझरच्या इंजिनाच्या कोडमध्ये यासाठी न्यूटनची जुनी युक्ती वापरली आहे. अंदाज करायचा, चूक किती ते बघायचं, अंदाज सुधारायचा. काही फेऱ्यांत जमलं नाही तर पट्टा अर्धा अर्धा करत उत्तर गाठायचं. मेनू सरकत असताना हे दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, घडत असतं.

हँडलची आडवी जागा ० ते १ यांच्या बाहेर नेता येत नाही. नेली असती तर रेषा मागे वळली असती आणि एकाच क्षणी वस्तू दोन ठिकाणी असायला हवी, असा पेच पडला असता. उभ्या दिशेला असं बंधन नाही. क्युबिक-बेझिए(०.३४, १.५६, ०.६४, १) लिहिलं तर मेनू मुक्कामाच्या पुढे जातो आणि परत येतो. इथे बऱ्याच जणांना वाटतं की १.५६ म्हणजे ५६ टक्के पुढे. पण तो आकडा हँडलचा आहे, रेषेचा नाही. रेषा जेमतेम १.१ पर्यंत चढते, म्हणजे मेनू साधारण १० टक्के पुढे जाऊन माघारी येतो. आणि ही चाल पारदर्शकतेला लावून वस्तू पूर्ण ठळक केली तर ही उसळी दिसतच नाही, कारण १०० टक्क्यांहून जास्त ठळक असं काही नसतंच. ब्राउझर ते कापून टाकतो.

एका बेझिएला शेवटाकडे एकच उसळी घेता येते. टप्पे खात थांबणारा चेंडू किंवा चारदा हेलकावे घेणारी स्प्रिंग त्यात बसत नाही. वेबकिटवाल्यांनी स्प्रिंगची चाल प्रयोग म्हणून करून पाहिली होती. वस्तुमान, ताठरपणा, विरोध आणि सुरुवातीचा वेग असे चार आकडे त्यात द्यायचे. पण स्प्रिंग नेमकी कधी थांबली म्हणायचं? ती लहान लहान होत हलतच राहते, आणि सीएसएसला तर आधी कालावधी हवा असतो. हा सांधा सहज जुळणारा नव्हे. शेवटी वेगळी वाट निघाली. २०२३ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत लिनिअर() हे फंक्शन आलं. नाव फसवं आहे. यात वीस-तीस बिंदू द्यायचे आणि ब्राउझर ते सरळ रेघांनी जोडतो. स्प्रिंगचं गणित बाहेर कुठेतरी करून त्याचे बिंदू इथे ओतायचे, बस. मोहक नाही, पण चालतं. त्यातली एक खोच पुढे ब्लरपाशी लागेल.

आणखी एक सवयीची चूक. की-फ्रेम, म्हणजे प्रवासातले ठरवून दिलेले टप्पे, वापरून ०, ५० आणि १०० टक्के असे तीन टप्पे लिहिले आणि वर 'ईझ' लावलं, तर ती चाल पूर्ण प्रवासाला लागत नाही, प्रत्येक तुकड्याला वेगळी लागते. म्हणजे वस्तू निघते, ५० टक्क्यांवर येऊन थांबते, पुन्हा निघते. सिग्नल लागल्यासारखी. 'ॲनिमेशन अडखळतंय, फोन स्लो आहे' अशा तक्रारींमागे कित्येकदा फोनचा काही दोष नसतो.

उतार म्हणजे वेग

आलेखावर रेषेची उंची सांगते की वस्तू कुठे आहे. ती किती वेगात आहे हे सांगतो रेषेचा त्या जागचा उतार. शाळेत अंतर आणि वेळ यांचा आलेख काढला होता, तोच हा. 'ईझ' सुरू होतो तेव्हा उतार ०.४ असतो, म्हणजे सरासरीच्या ४० टक्के वेग. म्हणजे निघताना तो पूर्ण थांबलेला नसतो, थोडा हिसका असतोच. मग वेग भराभर वाढतो. साधारण २१ टक्के वेळ सरला असताना तो शिगेला पोचतो, सरासरीच्या जवळजवळ २.३ पट. उरलेला बहुतेक वेळ मेनू नुसता मंदावत असतो. 'ईझ-इन-आउट' ही दोन्ही टोकांना सारखीच मंद असलेली चाल मात्र बरोबर मध्यावर, १.७२ पटीने धावते. दोन्ही चाली ३०० मिलिसेकंदांच्याच, तरी 'ईझ' चटपटीत वाटतो. त्याचं कारण हे.

आता आपला मेनू. ३२० पिक्सेल, ३०० मिलिसेकंद, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा पडदा. दर १६.७ मिलिसेकंदांना एक फ्रेम, म्हणजे एकूण १८ फ्रेम. सरासरीने एका फ्रेमला सुमारे १८ पिक्सेल. पण 'ईझ'च्या शिगेच्या क्षणी ४० च्या वर. म्हणजे एका फ्रेममध्ये मेनूची कडा इथे, पुढच्या फ्रेममध्ये ४० पिक्सेल पलीकडे, आणि मधल्या जागेत ती कधी दिसलीच नाही. पडद्यावर खरं तर काही सरकत नसतं. ठिकठिकाणी उभी असलेली चित्रं भराभर बदलतात. दोन जागांमधलं अंतर लहान असलं की डोळा ते भरून काढतो. मोठं झालं की कडेच्या दोन-तीन प्रती एकदम दिसल्याचा भास होतो.

सिनेमात तर सेकंदाला २४ च फ्रेम, तरी तिथे हे इतकं का खुपत नाही? कारण कॅमेऱ्याचं शटर काही वेळ उघडं असतं. प्रथेप्रमाणे शटरचा कोन १८० अंश, म्हणजे फ्रेमचा अर्धा वेळ, एका सेकंदाचा ४८ वा भाग. तेवढ्या वेळात वस्तू जितकी सरकली तितकी ती फिल्मवर फासली जाते. दोन फ्रेममधल्या पोकळीचा अर्धा भाग त्या फासण्यानेच भरून निघतो. ब्राउझरकडे शटर नाही. तो क्षणाचं चित्र काढतो, धारदार कडांसकट.

आफ्टर इफेक्ट्स हा व्हिडिओ-ॲनिमेशनचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना यावरचा उपाय माहीत असतो. तिथे लेयरचा मोशन ब्लर सुरू केला की प्रोग्रॅम एकाच फ्रेमच्या आत ती वस्तू अनेक जागी काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. शटरचा कोन तिथेही १८० अंशच असतो, बदलला नाही तर. पण त्याला एक फ्रेम काढायला दोन सेकंद लागले तरी कुणी घड्याळ लावून बसलेलं नसतं. ब्राउझरला १६.७ मिलिसेकंदांत सगळं उरकायचं असतं, स्वस्तातल्या फोनवरही.

ही सोय आणायचीच झाली तर

समजा, मोशन ब्लर नावाची एक प्रॉपर्टी, म्हणजे सीएसएसमधला गुणधर्म, ठरवायची आहे. पहिला प्रश्न: किंमत कशात लिहायची? मिलिसेकंदांत की शटरच्या कोनात? १८० अंश लिहिलं तर आपल्या मेनूची कडा शिगेला २० पिक्सेल पसरेल. तोच मेनू १२० हर्ट्झच्या फोनवर दर फ्रेमला २० पिक्सेल सरकतो, म्हणून तिथे पसरेल १० च. मिलिसेकंदांत लिहिलं तर दोन्हीकडे सारखाच. माझं मत कोनाच्या बाजूने आहे. ब्लरचं इथलं काम दोन फ्रेममधली पोकळी बुजवणं आहे आणि चांगल्या पडद्यावर ती पोकळी मुळात लहान असते. तिथे जुन्याच मापाने फासायचं म्हणजे चांगलं चित्र हाताने बिघडवायचं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. वेग कुणाकडून घ्यायचा? एक मार्ग म्हणजे चालीच्या उतारावरून काढायचा. बेझिएचा उतार हिशेबाने मिळतो. पण लिनिअर() मध्ये तुटक रेघा आहेत. त्यांनी जागा गुळगुळीत बदलते, उतार मात्र पायऱ्यांनी बदलतो. म्हणजे मेनू सुरळीत सरकेल आणि त्याची पुसट कडा मात्र प्रत्येक बिंदूपाशी टचकन लहान-मोठी होईल. मघाशी म्हटलेली खोच ती हीच. आणि स्टेप्स() या चालीचं काय, जिथे वस्तू उड्याच मारते? तिचा उतार एकतर शून्य नाहीतर अनंत. तिथे ब्लर न लावणंच शहाणपणाचं.

दुसरा मार्ग: मागच्या फ्रेममध्ये वस्तू कुठे होती, या फ्रेममध्ये कुठे आहे, एवढंच बघायचं. चाल कुठलीही असो, जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेने हलवलेली वस्तू असो, बोटाने ओढलेली असो, हे सगळ्यांना लागू पडतं. पण फिरत्या चित्रमालिकेत शेवटच्या चित्रानंतर पहिलं दाखवायला पट्टी गुपचूप मूळ जागी नेऊन ठेवतात, तेव्हा? ती एका फ्रेममध्ये १,६०० पिक्सेल मागे गेलेली असते. ब्राउझरला वाटेल काय हा वेग, आणि त्या एका फ्रेमपुरता अख्खा पडदा फासला जाईल. ही उडी आहे की प्रवास, हे त्याला नुसत्या दोन जागांवरून कळायचा मार्ग नाही. म्हणून ही सोय फक्त सीएसएसमध्ये लिहून दिलेल्या ट्रान्झिशन (एका स्थितीतून दुसरीत हळूहळू जाणं) आणि ॲनिमेशनपुरती ठेवावी, वेग मात्र दोन फ्रेमच्या फरकावरून काढावा, असा मध्यम मार्ग मला पटतो. जावास्क्रिप्टवाल्यांची निराशा होईल. होऊ दे.

सरळ रेषेतल्या सरकण्याला ब्लर लावणं सोपं आहे, एका दिशेला एकदा फासलं की झालं. फिरणाऱ्या चकतीवर मात्र प्रत्येक पिक्सेलचा वेग वेगळा, केंद्राशी शून्य आणि परिघाशी सर्वांत जास्त, दिशाही जागोजागी वेगळी. मोठ्या होत जाणाऱ्या चित्राचंही तेच. व्हिडिओ गेममध्ये यासाठी प्रत्येक पिक्सेलच्या वेगाचा एक वेगळा नकाशा ठेवतात. ब्राउझर तसा नकाशा ठेवत नाही.

आणि सगळ्यात मूळ शंका: डोळा कुठे बघतोय? नजर स्थिर असेल आणि मेनू समोरून गेला तर ब्लर उपयोगी पडतो. पण नजर मेनूबरोबर सरकत असेल तर गोष्ट उलटते. पडदा प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी धरून ठेवतो, डोळा मात्र तेवढ्या वेळात पुढे सरकलेला असतो. त्यामुळे चित्र डोळ्याच्या पडद्यावर आपोआपच फासलं जातं. त्यावर आपण आणखी ब्लर चढवला तर वाचता येणारा मजकूरही वाचता येईनासा होतो. नजर कुठे आहे हे ब्राउझरला कळत नाही. म्हणून ही सोय कधीही आपोआप सुरू असता कामा नये. ज्याने पान बनवलं त्याने मागितली तरच.

आजच्या आज करायचं असेल तर

सीएसएसचा फिल्टर: ब्लर() इथे कामाचा नाही. तो सगळ्या दिशांना सारखा पसरतो आणि वस्तू वेगात असल्याऐवजी फोकस हुकल्यासारखी दिसते. एसव्हीजी या वेबवरच्या चित्रप्रकाराच्या गॉशियन ब्लरला मात्र आडव्या आणि उभ्या दिशेचं माप वेगवेगळं देता येतं, आणि तो फिल्टर सीएसएसमधून कुठल्याही घटकाला लावता येतो. माप स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये, म्हणजे पसरण्याच्या संख्याशास्त्रीय मापात, द्यायचं असतं. शटरने फासलेल्या २० पिक्सेलच्या पट्टीशी जुळवायचं तर २० ला १२ च्या वर्गमुळाने भागा, उत्तर साधारण ५.८. म्हणजे '५.८ ०'. आडवं पसरेल, उभं जागचं हलणार नाही. तिरक्या दिशेला मात्र हे जमत नाही, त्यासाठी बाहेर आणखी एक घटक डब्यासारखा घेऊन तो फिरवावा लागतो.

यात दोन ठिकाणी ठेच लागते. एसव्हीजी फिल्टरला चित्र काढायला मिळणारी जागा न सांगितल्यास घटकाच्या चारही बाजूंना फक्त १० टक्के जास्त असते. ४० पिक्सेलचं बटण असेल तर दोन्हीकडे ४-४ पिक्सेल. ५.८ चा ब्लर १७-१८ पिक्सेलपर्यंत पोचतो, तो सुरीने कापल्यासारखा तुटतो. फिल्टरची हद्द हाताने वाढवावी लागते. दुसरं, हे माप सीएसएसची प्रॉपर्टी नाही, त्यामुळे त्याला ट्रान्झिशन लागत नाही. वेगाबरोबर ब्लर वाढवायचा-उतरवायचा तर दर फ्रेमला जावास्क्रिप्टने आकडा बदलावा लागतो. एरवी ट्रान्सफॉर्म आणि पारदर्शकता यांचं ॲनिमेशन मुख्य धाग्याला, म्हणजे ब्राउझर पानाची बहुतेक कामं जिथे करतो त्या रांगेला, त्रास न देता बाजूला चालू शकतं. हा ब्लर आला की तो फायदा गेला.

देवनागरी मजकुरावर आडवा ब्लर लावून बघण्यासारखा आहे. काने, दंड, उकारांच्या शेपट्या सगळं विरघळतं, शिरोरेषा मात्र तशीच ठळक राहते, कारण ती ब्लरच्याच दिशेला आखलेली आहे. शब्दाच्या जागी नुसता टांगलेला दांडा उरतो आणि तोच एक दांडा वेगाने जाताना दिसतो. रोमन अक्षरांत असं काही होत नाही. मराठी साइटवर बातम्यांची पट्टी जोरात सरकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे ब्लर हवासा वाटत असेल तर पट्टीचा वेगच जास्त आहे, आधी तो कमी करा.

उलट, धावसंख्येचे आकडे खालून वर गरगर फिरून थांबतात तिथे '० ६' असा उभा ब्लर झकास दिसतो. त्या वेळात कुणी आकडा वाचत नसतं, तो थांबायची वाट बघत असतं. बाकी रोजच्या मेनू-बटणांना ब्लरची गरज नाही. त्यांची चाल सुधारा. आत येणाऱ्या गोष्टीला 'ईझ-आउट' (सुरुवातीला वेगात, शेवटी मंद), म्हणजे बोट टेकवल्याबरोबर ती हललेली दिसते. २०० ते ३०० मिलिसेकंद. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

काही लोकांना पडद्यावरच्या हालचालीने खरोखर गरगरतं, मळमळतं. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं तेव्हा त्यातल्या झूम होणाऱ्या स्क्रीनबद्दल अशा तक्रारी उठल्या होत्या. २०१७ मध्ये सफारीने सेटिंगमधली 'हालचाल कमी करा' ही निवड सीएसएसला वाचता येईल अशी सोय दिली आणि पुढे बाकीच्या ब्राउझरांनीही. ती निवड केलेली असेल तर सरकणं काढून नुसतं विरघळत दाखवा, आणि ब्लर तर अजिबात नको. इथे एक सापळा आहे. ट्रान्झिशन पूर्ण काढून टाकलं की 'ट्रान्झिशन संपलं' हा संदेशही येत नाही. मेनू मिटल्यावर पान पुन्हा मोकळं करायचं काम जावास्क्रिप्टने त्याच संदेशावर सोपवलेलं असेल, तर पान अडकून बसतं, आणि तेही नेमकं ज्यांनी हालचाल नको म्हटलंय त्यांचंच. म्हणून बरेच जण कालावधी शून्य न करता ०.०१ मिलिसेकंद ठेवतात. काही दिसत नाही, संदेश मात्र येतो.